न मारलेलं हरीण

लाईल निमेलाच्या नावावर उभ्या जन्मात एकच मोठं हरीण लागलं, आणि तेही त्याने मारलेलं नव्हतं. आता आल्डर फोर्कमध्ये ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण त्या जानेवारीत ती चौघांनाच ठाऊक होती, आणि चौघंही एकाच घरातले. एका घरातल्या चौघांनी दोन महिने तोंड मिटून ठेवावं, हाच खरं तर गावच्या इतिहासातला विक्रम होता.

जानेवारीतल्या एका सकाळी लाईल टपालपेटीपाशी गेला, गुडघाभर बर्फात उभं राहून त्याने राज्याच्या बेकारी विमा कार्यालयाचं पाकीट फोडलं, आणि तिथेच खांबासारखा उभा राहिला. त्याची बायको बॉनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, कोणीतरी गेलं.

लाईल डांबराच्या टोळीवर होता. मे ते नोव्हेंबर रस्त्यावर ओतलेलं वाफाळतं डांबर लांब दांड्याच्या दंताळ्याने सारखं करायचं, हे काम त्याने अठ्ठावीस वर्षं केलं. नोव्हेंबरात जमीन गोठली की डांबर धरत नाही. मग मुकादम एकेकाशी हात मिळवून म्हणतो, मे महिन्यात भेटू, आणि टोळी घरी जाते. मधल्या महिन्यांत बेकारभत्ता. अर्धं गाव असंच जगतं आणि कोणाला त्यात खाली बघावंसं वाटत नाही.

माणूस कसा, तर घराबाहेर पडताना शेगडी बंद केली की नाही हे तीनदा बघणारा. भत्त्यासाठी दर आठवड्याला कार्यालयाच्या प्रश्नांची उत्तरं भरावी लागतात. या आठवड्यात काम केलंत का, कमाई झाली का, रोज कामावर यायला मोकळे होतात का. लोक डोळे मिटून भरतात. लाईल ओळीवर बोट ठेवून वाचायचा. एका नाताळात त्याला चर्चच्या सोडतीत टर्की लागली, तर ही कमाई धरायची का, हे विचारायला त्याने राजधानीत फोन लावला. तिथली बाई इतकी हसली, की तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही फोन ऐकवला. लाईलने तरीही टर्कीचं वजन सांगून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी राजधानीत भत्त्याचा कायदा बदलला. सव्वीस आठवड्यांचे वीस झाले. मे महिन्यात टोळी परत बोलावणार हे देवाला आणि मुकादमाला ठाऊक असलं, तरी दर आठवड्याला तीन ठिकाणी काम मागायचं. कामाच्या वेळेत फोनपाशी हजर राहायचं. आणि फसवणूक पकडायला एक नवा कॉम्प्युटर बसवला, जो सरकारच्या सगळ्या याद्या एकमेकींशी ताडून बघतो: तुरुंगातले कोण, मेलेले कोण, दुसरीकडे पगार घेणारे कोण.

हार्जूच्या गुत्त्यात या कायद्याची बाजू घेणारा एकच बेकार होता, तो लाईल. थापाड्यांना धरायलाच पाहिजे, असं तो बिअरच्या दुसऱ्या ग्लासाला म्हणायचा, आणि कोणाबद्दल म्हणतोय हे सगळ्यांना कळायचं. त्याचा मेव्हणा ड्युएन हिवाळाभर भत्ता घेई आणि ट्रकला फाळ लावून अर्ध्या गावाच्या अंगणातला बर्फ ढकली. नोटा कोटाच्या खिशात, अर्जावर शून्य. एकदा लाईलने त्याला हटकलं, तर ड्युएन म्हणाला की मी शेजाऱ्यांना मदत करतो आणि शेजारी आभार मानतात, आता आभार कागदाचे असले तर मी काय करू.

तर, पत्र. त्यात लिहिलं होतं, की मंगळवार, पंधरा नोव्हेंबर या दिवशी आपण कामासाठी मोकळे आणि फोनवर हजर असल्याचं कळवलं आहे. मात्र वन खात्याच्या नोंदीनुसार त्याच दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आपण चाळीस मैल आत, फोन न लागणाऱ्या जंगलात, शिंगांना दहा टोकं असलेला नर मारला आहे. सोबत गावच्या साप्ताहिकाचं कात्रण. कात्रणात लाईल, दोन्ही हातांत शिंगं, चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हतं असं हसू. सबब, हेतुपुरस्सर फसवणूक. भत्ता बंद, घेतलेला चौपट परत, आणि पुढची काही वर्षं अर्ज करायचा नाही. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे.

त्या कॉम्प्युटरच्या याद्यांमध्ये शिकारीच्या परवान्यांची यादीही असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता पंधरा नोव्हेंबर म्हणजे काय, ते या भागात सांगावं लागत नाही. हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद, दात दुखला तर दुखू दे, कारण दंतवैद्यही जंगलात. प्रत्येक घराची जंगलात एक लाकडी झोपडी असते, तिला कॅम्प म्हणतात, आणि तिथे पत्ते, सौनातली वाफेची अंघोळ, कॉफी आणि जमलं तर हरीण. लाईल तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्या वर्षी चुकला.

का, तर फोन. कामाच्या वेळेत कार्यालयाचा फोन आला आणि उचलला नाही तर भत्ता थांबतो, असं नव्या पत्रकात होतं, आणि कॅम्पवर फोन लागत नाही. बाकीचे सगळे गेले. पंधरा तारखेला राजधानीतसुद्धा कोणी कामावर नसतं, असं त्यांचं म्हणणं. लाईल स्वयंपाकघरात फोनपाशी बसला. लोकांना मात्र सांगितलं की गुडघा धरलाय. नियमाला घाबरून घरी बसलो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्यातच आठवड्याची तीन कामं मागायची राहिली होती, म्हणून त्याने तीन ठिकाणी फोन लावले. तिन्हीकडे निरोप टिपणारी यंत्रं बोलली. पंधरा नोव्हेंबरला काम मागणारा तो साऱ्या जिल्ह्यात एकटाच असावा.

दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी वाजला, तेव्हा लाईलने दोन्ही हातांनी उचलला. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरून ड्युएन बोलत होता.

"अभिनंदन," ड्युएन म्हणाला. "तू दहा टोकांचा नर मारलास."

मारला होता सासूबाईंनी. आयली कोस्की, वय एकोणऐंशी, घरातली पोरं मुम्मू, म्हणजे आजी, म्हणत म्हणून लाईलही मुम्मूच म्हणायचा. या वयात काय शिकार, असं म्हणत त्या वर्षी तिने परवाना काढला नव्हता. ती कॅम्पवर फक्त रांधायला गेली होती. पहाटे बटाट्याची सालं टाकायला ओसरीवर आली, तर समोर तो उभा. मुम्मूने सालांचं घमेलं खाली ठेवलं, दारामागची नवऱ्याची जुनी बंदूक घेतली आणि बार टाकला. मग परत घमेलं उचललं. बिनपरवान्याचं हरीण म्हणजे दंड, शिंगं जप्त, आणि अधिकारी वाकडा निघाला तर बंदूकही जप्त. लाईलचा शिकारीचा कोट शनिवारपासून कॅम्पवर टांगलेला होता आणि त्याच्या पाठीला त्याचा परवाना टाचलेला. एका परवान्यावर एक हरीण, आणि ते कोणाचं हे दाखवायला परवान्यालाच एक बिल्ला जोडलेला असतो; ड्युएनने तो काढून हरणाच्या शिंगाला बांधला. आपल्या भागात हे काही नवीन नाही. एका घरातले बिल्ले एका घरातच फिरतात, आणि अधिकाऱ्याच्या घरातलेही फिरत असणार.

लाईलने आधी नाही म्हटलं. मग वन खात्याच्या नाक्यावर हरणाची नोंद करायला गेला. मग तिथे साप्ताहिकाचा फोटोवाला उभा होता. तीस वर्षांत चार टोकांच्या वर काही न मिळालेला माणूस. त्याच्या हातात कोणी अशी शिंगं दिली तर तो काय करेल? गुत्त्यात त्याने हकीकत पहिल्यांदा सांगितली तेव्हा गुडघा त्या पहाटे अचानक बरा झाला होता आणि हरीण ऐंशी पावलांवर होतं. नाताळापर्यंत ते दीडशे पावलांवर गेलं, आणि मध्ये धुकंही आलं.

आणि आता हे पत्र. नियम पाळायला म्हणून तीस वर्षांत एकदाच पंधरा नोव्हेंबरला घरी बसला, आणि त्याच दिवसासाठी पकडला गेला.

मुम्मूला दिसू नये म्हणून लाईलने पत्र पिठाच्या डब्यामागे लपवलं. मुम्मू डोळ्याने अधू नव्हती, पण पीठ बॉनी काढायची. बॉनीला मात्र सांगितलं.

"खरं सांगून टाक," ती म्हणाली. "तू घरी होतास. माझ्यासमोर दिवसभर त्या फोनकडे टक लावून बसला होतास. तीनदा म्हटलं मी, फोन काही अंडं घालणार नाही."

"आणि मग हरीण कोणी मारलं, असं विचारतील."

आणि आई बॉनीची होती. शिंगांचं दोघांनाही काही नव्हतं. पण नवरा आर्विड जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मुम्मू दर रविवारी चर्चहून आली की त्याची बंदूक मांडीवर घेऊन तेल लावायची आणि लावता लावता त्याला आठवड्याच्या बातम्या सांगायची. ती बंदूक जावयाच्या भत्त्यापायी सरकारात जमा करायची? आणि नाही म्हणावं, तर मे महिन्यापर्यंत खायचं काय, घर तापवायचं कशावर? शिवाय फसवणूक करणारा हा शिक्का. लाईलला सगळ्यात जास्त तोच शब्द खुपत होता. रात्री अंथरुणात तो शब्द त्याच्या छातीवर बसायचा, आणि मग लाईल उठून शेगडी बघून यायचा.

ड्युएनला सांगावंच लागलं. त्याने पाय टेबलावर ठेवून सल्ला दिला.

"त्यात काय? सांग, पहाटे गेलो, सात दहाला मारलं, आठला घरी."

"चाळीस मैल? जंगलातल्या रस्त्याने, हरीण लादून?"

"जोरात चालवलीस."

"ड्युएन, शपथेवर सांगायचंय."

"मग शपथेवर सांग, जोरात चालवलीस."

लाईलने हरकतीचा अर्ज केला. सुनावणी फोनवर होणार होती, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी सव्वानऊला. त्याला हायसं वाटलं ते एवढ्याच गोष्टीचं. गुरुवारी मुम्मू चर्चच्या तळघरात बायकांबरोबर गोधड्या शिवायला जाते.

पुरावा हवा होता. त्या दिवशी फोन केलेल्या तिघांपैकी दोघांनी निरोप केव्हाच पुसले होते. राहिली मार्लिस बेकमन, सिमेंटच्या विटांच्या कारखान्याची मालकीण. लाईल टोपी हातात घेऊन तिच्या कचेरीत उभा राहिला आणि नोव्हेंबरातला एखादा निरोप तिच्याकडे राहिला असेल का, असं जमिनीकडे बघत विचारलं.

"राहिला असेल का?" मार्लिस म्हणाली. "अरे, मी तो पाहुण्यांना ऐकवते."

तिने बटण दाबलं. यंत्राने आधी तारीख, वेळ आणि लाईलच्या घरचा नंबर सांगितला. मग लाईलचा आवाज आला: "मी लाईल निमेला. आज मंगळवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं, घरून बोलतोय. काही काम आहे का विचारायचं होतं. नसलं तरी चालेल."

कचेरीतल्या दोघी पोरी टेबलाखाली वाकल्या. मार्लिस मात्र हसली नाही.

"कॅम्पवरून आल्यावर ऐकलं, तेव्हा वाटलं गुडघ्याबरोबर तुझं डोकंही गेलं. मग शुक्रवारी साप्ताहिकात तुझा फोटो. नवऱ्याला म्हटलं, हा माणूस एका वेळी दोन ठिकाणी असतो, याला कामावर घ्यायला हवा." तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "आयलीने मारलं ना?"

लाईलने टोपी घातली. मार्लिसने पुढे विचारलं नाही. टेप मात्र दिली.

सुनावणीच्या दिवशी असं बर्फ पडलं, की चर्चच्या बायकांनी गोधड्या रद्द केल्या. सव्वानऊला दहा मिनिटं कमी असताना मुम्मू स्वयंपाकघरात बटाटे घेऊन सोलायला बसली. लाईलने फोन घेऊन सौनाच्या खोलीत जायचं ठरवलं, तर वायर पोचेना. न्हाणीघरापर्यंतही पोचेना. बॉनीने आईला दुसऱ्या खोलीत शेकोटीपाशी बसवायचा प्रयत्न केला.

"कोणाचा फोन आहे?" मुम्मूने विचारलं.

"ऑफिसचा," लाईल म्हणाला.

"मग बोल की. मी काय तोंडात बटाटा घालून बसू?"

फोन वाजला. राजधानीतून एक न्यायाधीशबाई होत्या, आणि कार्यालयाच्या बाजूने हॅगर्टी नावाचा माणूस, बोलणं असं की पावती वाचतोय. लाईलने शपथ घेतली. फोन मोठ्या आवाजावर ठेवायला सांगितला होता, त्यामुळे सगळं स्वयंपाकघरभर ऐकू येत होतं: फसवणूक, पंधरा नोव्हेंबर, दहा टोकं. मुम्मूची सुरी चालूच होती, पण सालं जाड निघायला लागली.

मार्लिसची टेप वाजली. "नसलं तरी चालेल" या वाक्याला न्यायाधीशबाई जराशा खोकल्या.

मग हॅगर्टीने विचारायचं तेच विचारलं. सकाळी आठ दहाला तुम्ही घरी होतात, तर सात दहाला चाळीस मैलांवर ते हरीण कोणी मारलं?

लाईलने घड्याळाकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं. भिंतीवर शिंगं होती, तिकडे बघवेना.

"मी नाही मारलं," तो म्हणाला. "मी घरीच होतो. चार टोकांच्या वरचं हरीण मी जन्मात मारलेलं नाही. गावाला खोटं सांगितलं, पण तुमच्या कार्यालयाला नाही."

"मग कोणी मारलं?"

"ते नाही सांगणार."

न्यायाधीशबाईंनी समजावून सांगितलं, की शिकारीचा गुन्हा हा त्यांचा प्रांत नाही, पण इथे बोललेलं सगळं नोंदलं जातं. आणि साक्ष अर्धीच राहिली तर एवढ्या टेपवर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यांना ठरवावं लागेल. लाईलच्या कपाळावर घाम आला होता. बाहेर शून्याखाली वीस.

"माझं काय व्हायचं ते होऊ दे, बाईसाहेब," तो म्हणाला. "पण नाव नाही सांगणार."

मुम्मूने सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि फोन आपल्याकडे ओढला.

"बाई, तुमचं नाव मला नीट ऐकू आलं नाही. मी आयली कोस्की, याची सासू. हरीण मी मारलं. सालं टाकायला बाहेर आले होते."

न्यायाधीशबाईंनी मुम्मूलाही शपथ दिली, वय विचारलं, परवाना विचारला. परवाना नव्हता. जावयाचा बिल्ला कोणी लावला? मुम्मूने खिडकीबाहेर बघितलं. ड्युएन अंगणात ट्रक लावून बर्फ ढकलत होता.

"मीच लावला," मुम्मू म्हणाली. आता शपथेवर एवढं एक खोटं बोलली म्हातारी. पण ड्युएन तिचा मुलगा आहे, आणि आयांचा तो जुना रोग आहे.

मग हॅगर्टी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "एकाच गोळीत?"

"दुसरी कशाला लागते?"

न्यायाधीशबाईंनी हॅगर्टीला प्रश्न मुद्द्याला धरून विचारायला सांगितले. त्याला आणखी प्रश्न नव्हते.

फोन ठेवल्यावर लाईल बंदुकीबद्दल काहीतरी बोलायला लागला. मुम्मूने त्याला थांबवलं.

"महिनाभर हे पोटात घेऊन फिरत होतास? म्हणूनच रोज रात्री उठून शेगडी बघत होतास. मला वाटलं, पोट बिघडलंय."

"तुमची बंदूक नेतील ते."

"नेतील तेव्हा नेतील. ते राहू दे. जावईबापू, हार्जूकडे तू माझं हरीण किती पावलांवरून मारलंस?"

लाईलने मान खाली घातली. "दीडशे."

"साठ होती. आणि धुकं नव्हतं."

निकालाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत लाईलने टपालपेटीपर्यंतचा बर्फ इतका तुडवला, की ड्युएनला तिथे फाळ फिरवायची गरज उरली नाही. निकालाआधी वन अधिकारी आला. वर्न टॉर्केल्सन, त्याला मुम्मूने रविवारच्या शाळेत शिकवलेलं. त्याने पायताण दारात काढून कॉफी घेतली, वेलदोड्याचा पाव खाल्ला, आणि मग जड हाताने दंडाचा कागद लिहिला. मुम्मूला तीन वर्षं शिकारीला बंदी. न मारलेलं हरीण आपल्या बिल्ल्यावर नोंदवल्याबद्दल लाईललाही तीन वर्षं. शिंगं भिंतीवरून उतरवली, तिथे दोन खिळे राहिले. दारामागे बंदूक होती. वर्नने तिच्याकडे बघितलं.

"ही कधीपासून इथे आहे?" वर्नने विचारलं.

"तू जन्मायच्या आधीपासून," मुम्मू म्हणाली.

वर्नने पायताण चढवलं आणि गेला.

निकालात लिहिलं होतं, फसवणूक सिद्ध होत नाही, भत्ता पूर्ववत सुरू करावा. लाईलने ते बोट ठेवून तीनदा वाचलं, बॉनीकडून एकदा वाचून घेतलं, आणि तरी त्याला धड हसू येईना. कार्यालय वरच्या न्यायाधीशाकडे जाऊ शकतं, असं शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत होतं. गेलं नाही, पण ते कळायला एप्रिल उजाडला. ड्युएनला आजवर पत्र आलेलं नाही. अंगणातल्या बर्फाची कुठे यादीच नाही. साप्ताहिकाने दुरुस्ती छापली, कारण मुम्मूने संपादकाला तीनदा फोन केला. फोटो मात्र त्यांनी आधीचाच वापरला आणि लाईलला कापून नुसती शिंगं ठेवली.

पुढच्या पंधरा नोव्हेंबरला गाव रिकामं झालं. बंदी असली म्हणून कॅम्पवर रांधायला जाता येत होतं, पण मुम्मू म्हणाली, बंदूक न घेता बटाटे सोलायला मी घरीही बसू शकते. ती टेबलाच्या एका बाजूला बसली, लाईल दुसऱ्या बाजूला, मध्ये फोन. मांडीवर आर्विडची बंदूक आणि तेलाचं फडकं. रविवार नव्हता, तरी तिने आर्विडला सगळ्या वर्षाच्या बातम्या सांगितल्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

लाईल उभाच राहिला. राजधानीचं यंत्र बोलत होतं: आज आपण कामासाठी मोकळे असल्यास एक दाबा. लाईलने एक दाबलं. नीट लागलं की नाही कळेना, म्हणून परत दाबलं.

"काय म्हणतात?" मुम्मूने फडक्यावरून डोळे न उचलता विचारलं.

"कामाला मोकळे आहात का विचारतात."

"मग माझ्यासाठी पण एक दाब."